दुसरी होडी घेण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

भिगवणला रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, म्हणून कर्ज काढून इंजिनाची दुसरी होडी घ्यावी, असे तू लिहिले आहेस. होडी अवश्य घे, मात्र आधी हिशेब नीट मांड.

आपला हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि तोही उजनीच्या पाण्यावर अवलंबून. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी धरून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. धरण काठोकाठ भरलेले राहिले, की त्याला उभे राहायला जागाच उरत नाही आणि तो उशिरा येतो. तेव्हा कर्जाचा हप्ता तीन महिन्यांच्या फेऱ्यांवर बेत, बाकीचे महिने चिलापी माशाच्या जाळ्यावर काढायचे आहेत, हे धरून चाल. रोहित आला नाही, तरी पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक हे पक्षी असतात. हिमालय ओलांडून आलेला पट्टकादंब ज्याला ओळखून दाखवता येतो, त्याची फेरी सहसा रिकामी जात नाही. शिवाय आदल्या रात्री मुक्कामाला आलेला पाहुणा खोली, जेवण, चहा आणि पहाटेची होडी असे चार घरांना पैसे देऊन जातो. सकाळी येऊन दुपारी परतणाऱ्याकडून गावाला होडीच्या भाड्यापलीकडे फारसे काही मिळत नाही.

आता इंजिनाविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी मीच एका नावाड्याला पन्नास रुपये जास्त देऊन टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. थवा उठला, पंखांखालचा लाल-काळा रंग उघडा पडला आणि मला हवा तो फोटो मिळाला. थवा मात्र पार पलीकडच्या काठाला जाऊन बसला. आमच्या मागच्या होडीत एक लहान मुलगी होती. तिला नुसती गुलाबी रेघ दिसली, आणि तिच्या वडिलांनी भाडे देताना नावाड्याशी वाद घातला. माझ्या पन्नास रुपयांची किंमत दुसऱ्याच नावाड्याने मोजली, याची मला अजून लाज वाटते. इंजिनाच्या आवाजाने हेच रोज, तेही फुकटात, होईल.

म्हणून इंजिनाच्या पैशांतून एक ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी, दुर्बीण घे. ती पाहुण्याच्या गळ्यात घातलीस, की वल्ही लांबवरच थांबवता येतात. मी जानेवारीत येईन. या वेळी माझ्याकडून भाडे पूर्ण घे.