रक्तातली साखर कमी झाल्याने शरीरात दाह (इन्फ्लमेशन) वाढतो का?

हो, वाढतो. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की शरीर ते संकट समजतं आणि ॲड्रेनालिन हे हार्मोन सोडतं. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, ती त्यामुळेच. पण याच ॲड्रेनालिनमुळे पांढऱ्या पेशीही मोठ्या संख्येने रक्तात उतरतात, जास्त आक्रमक होतात. आयएल-६सारखी दाह वाढवणारी रसायनं वाढतात, प्लेटलेट्स चिकट होतात. साखर तासाभरात जागेवर येते, हा परिणाम मात्र काही दिवस रेंगाळू शकतो. म्हणूनच मधुमेहात, त्यातही हृदयविकार असेल तर, वारंवार साखर उतरणं मला फार काळजीचं वाटतं. ‘गोड खाल्लं, बरं वाटलं’ म्हणून विषय सोडू नका, डॉक्टरांना सांगून इन्सुलिन किंवा गोळ्यांचा डोस तपासून घ्या.

उलटंही घडतं: रक्तात गंभीर जंतुसंसर्ग पसरला तर त्या दाहात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

साखर उतरलीच तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच रुग्णालय गाठा.