बीएसएने ब्लॉक करूनही कंट्रोल वेलमध्ये पेशी चिकटतात, काय करावं?

पेशी प्रथिनाला किती चिकटतात हे मोजणाऱ्या प्रयोगात तुमच्या फायब्रोनेक्टिनच्या (पेशींना पकड देणारं प्रथिन) वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, पेशी बसतात, पण प्लास्टिकची मोकळी जागा झाकायला, म्हणजे ब्लॉक करायला, वापरतात त्या नुसत्या बीएसएच्या (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या, वेलमध्येही जवळपास तेवढ्याच बसतात आणि बीएसए दुप्पट करूनही फरक पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बीएसए आणखी वाढवू नका. या पेशी कशाला धरून बसल्यात ते आधी शोधा, उपाय त्यावरच ठरतो.

मी सगळ्यात आधी ईडीटीएची चाचणी करते. काही कंट्रोल वेलमध्ये पेशींसोबत ५ ते १० मिलिमोलर ईडीटीए घाला. इंटेग्रिनला (पेशीच्या पृष्ठभागावरचं पकड घेणारं प्रथिन) पकड घ्यायला मॅग्नेशियम, मँगनीजसारखे आयन लागतात आणि ईडीटीए नेमके तेच बांधून ठेवतं. चिकटणं थांबलं, तर पकड इंटेग्रिनची आहे, म्हणजे त्या वेलमध्ये कुठून तरी मॅट्रिक्सचं, म्हणजे पेशींभोवतीच्या जाळीचं, प्रथिन शिरलंय. थांबलं नाही, तर दोष पृष्ठभागाचा किंवा खुद्द पेशींचा.

पहिल्या प्रकारात माझा संशय सीरमवर (पेशी वाढवताना माध्यमात घालतात तो रक्तातला द्रव) जातो. त्यात फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन दोन्ही असतात, आणि प्लास्टिकवर मोकळी जागा मिळाली की ती तिथे जाऊन बसतात. प्रयोग सीरमविरहित माध्यमातच करा. पेशी प्लेटवरून सोडवायला घातलेलं ट्रिप्सिन थांबवायला बरेच जण सवयीने सीरम घालतात. त्याऐवजी सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर वापरा आणि पेशी दोनदा धुऊन घ्या. बीएसए शुद्ध प्रतीचं घ्या, त्यातही अशी प्रथिनं अशुद्धी म्हणून असू शकतात. वेळही आखडता ठेवा: फायब्रोब्लास्टसारख्या पेशींना अर्धा तास सहसा पुरतो. काही तास ठेवल्या तर त्या स्वतःचं मॅट्रिक्स स्रवू लागतात, मग तुम्ही लावलेल्या प्रथिनाबद्दल काहीच सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात प्लेट बदलून बघा. टिश्यू कल्चरची प्लेट पेशी चिकटाव्यात म्हणूनच प्रक्रिया केलेली असते, या प्रयोगाला साधं, प्रक्रिया न केलेलं पॉलिस्टायरिन बरं. बीएसए उष्णतेने विकृत करून (म्हणजे त्याची घडी मोडून) वापरा: पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेलं मिठाचं द्रावण) १० मिग्रॅ/मिली, ८५ अंश सेल्सिअसला १० ते १२ मिनिटं, मग थंड करून वेलमध्ये अर्धा ते एक तास. द्रावण किंचित धूसर दिसलं पाहिजे. दुधासारखं पांढरं झालं तर टाकून द्या. प्लुरॉनिक एफ-१२७ हे साबणासारखं पॉलिमर जलविरोधी प्लास्टिकवर छान काम करतं, मात्र त्याने तुमचं कोटिंग निघत नाही ना, हे आधी तपासा. काचेवर ते कामाचं नाही.

मेलेल्या पेशी कशालाही चिकटतात आणि त्यांतून सुटलेला डीएनए बाकीच्यांचे गोळे करतो, म्हणून मेलेल्या पेशींनाच रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूने आधी मोजून घ्या.

धुणं लोक हलक्यात घेतात, पण निकाल बऱ्याचदा तिथेच बिघडतो. पीबीएस कोमट आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं हवं, नाहीतर धुतानाच खरी पकडही सुटते. धार पेशींवर नको, वेलच्या भिंतीवरून सोडा आणि प्रत्येक वेल सारखीच धुवा.

चिकटलेल्या पेशी क्रिस्टल व्हायोलेट या रंगाने मोजत असाल तर कोट आणि ब्लॉक केलेल्या, पण पेशी न घातलेल्या वेलही ठेवा. हा रंग प्रथिनालाही लागतो, तेव्हा त्यांचं वाचन वजा करा. आणि रंग विरघळवण्याआधी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघाच: पसरलेल्या पेशी आणि नुसत्या गोल टेकलेल्या पेशी तिथे लगेच वेगळ्या दिसतात, वाचनाच्या आकड्यात दिसत नाहीत.