लायपोसक्शन की बॅरिएट्रिक?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 46, उंची 156 सेंमी, वजन 83 किलो. दोन्ही वेळा सिझेरियन झालं, तेव्हापासून पोट लोंबतंय. सात वर्षं मधुमेह आहे. गोळ्या वाढवूनही तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 8.4. रात्री आडवं झालं की छातीत जळजळतं. डिसेंबरात मुलीचं लग्न. जाऊबाई म्हणतात, बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवायचं जठराचं ऑपरेशन, करून घे. मला जठर कापायची भीती वाटते. त्यापेक्षा लायपोसक्शनने आठ-दहा किलो चरबी काढली, तर वजन आणि साखर दोन्ही उतरणार नाहीत का? मेडिक्लेम आहे.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, मी प्लास्टिक सर्जन. लायपोसक्शनवर माझं पोट चालतं, तरी तुम्हाला 'नको' म्हणतोय.

पोटाची घडी चिमटीत धरून बघा. हाताला लागते ती कातडीखालची चरबी. लायपोसक्शनमध्ये चरबी ओढून घेणारी आमची नळी तेवढ्यातच फिरते. साखर बिघडवणारी चरबी त्याच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात असते. तिथे नळी जात नाही. 2004 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. लठ्ठ बायकांच्या, त्यातल्या काही मधुमेही, पोटावरची सुमारे दहा किलो चरबी काढली. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं, तर इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद होता तसाच. शिवाय एका वेळी पाच लिटरच्या पुढे जायचं तर धोका वाढतो, रात्रभर देखरेखीत ठेवावं लागतं. आणि नुसती चरबी काढली की तुमची सैल कातडी आणखीच लोंबेल.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 34 येतो. आशियाई लोकांसाठी 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत 27.5 च्या वर शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असं आहे, म्हणजे जाऊबाई चुकीचं सांगत नाहीत. पण बहुतेकजण करतात ती 'स्लीव्ह' तुम्ही डोळे झाकून करू नका. तिच्यात जठराचा तीनचतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढतात आणि उरलेल्या अरुंद नळीमुळे जळजळ वाढू शकते. आधी दुर्बिणीने जठराची तपासणी करून घ्या आणि सर्जनला जठराच्या बायपासबद्दल विचारा. बायपासमध्ये अन्न थेट लहान आतड्यात उतरतं, तिथली संप्रेरकं बदलतात आणि वजन फारसं उतरायच्या आतच कित्येकांची साखर खाली येते. मधुमेह जितका जुना, तितकी ही शक्यता कमी. पुढे बी-12 जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यावं लागतं. 'बरं वाटतंय' म्हणून या गोळ्या सोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात, हातापायांना मुंग्या घेऊन येतात. शस्त्रक्रिया नकोच असेल तर आठवड्याला एक घ्यायची नवी इंजेक्शनं आहेत. मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोला.

मेडिक्लेमचं मात्र अवघड आहे. विमा नियामकाच्या नियमात बीएमआय 40 लागतो, किंवा आटोक्यात नसलेल्या मधुमेहासारखा गंभीर आजार असेल तर 35. तुम्ही जेमतेम एकाने कमी पडता. (म्हणून दोन-तीन किलो वाढवायला जाऊ नका. असं करणारे भेटतात.) सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला तर सहसा काहीच मिळत नाही.

पोटाचं काम माझ्याकडे सगळ्यात शेवटी. बायपासनंतर साधारण वर्ष-दीड वर्षाने वजन थांबतं. ते सहा महिने एका जागी राहिलं, की टमी टक करता येतो : जादा कातडी काढायची, बाळंतपणात फाकलेले स्नायू शिवायचे. ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहतो, साडीखाली झाकतो. आधी टमी टक करून मग वजन उतरवलं, तर कातडी पुन्हा सैल.

राहिलं लग्न. घाईने आत्ता बायपास केलात, तर तीन-चार महिन्यांनी केस गळतात ते नेमके डिसेंबरात. शिवाय पंगतीत दोन घास खाऊन उठावं लागेल आणि विहीणबाई कारण विचारतील. लग्न उरकू द्या. तोवर साखर आणि दुर्बिणीची तपासणी मार्गी लावा. ब्लाउज आत्ताच्या मापानेच शिवा. पुढच्या वर्षी शिंपी आवळून देईल.