जुन्या एसयूव्हीचे मागचे बेअरिंग: खर्च करावा की गाडी विकावी?

प्रश्न: आमची एसयूव्ही १४ वर्षांची आहे. वेग वाढला की मागून घुमल्यासारखा आवाज येतो. गॅरेजने मागच्या दोन्ही चाकांचे बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं) आणि हब (ज्यावर चाक बसवतात) बदलायला सांगितलेत. खर्च गाडीच्या आजच्या विक्री-किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढा, म्हणजे नव्या गाडीचा जो हप्ता मी विचारून ठेवलाय तसे तीन हप्ते. घरचे म्हणतात, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. आपत्कालीन निधी चार महिन्यांच्या खर्चाएवढा आहे. दुरुस्ती करू, की जुनी विकून पाच वर्षांचं कर्ज काढू?

उत्तर: मसाला बारा आण्यांचा नाही, फार तर एका आण्याचा आहे. पण खरी अडचण वेगळीच. दुरुस्तीचा खर्च आपण गाडीच्या विक्री-किमतीशी ताडून बघतो. तुम्हाला गाडी विकायचीच नसेल, तर त्या किमतीशी तुमचा संबंध काय? बघायचं ते एवढंच, की पुढचं एक वर्ष हिंडण्या-फिरण्याची सोय कुठल्या मार्गाने स्वस्त पडते.

तुमच्याच आकड्यांत मांडतो. जुनी विकली तर १५ हप्त्यांएवढे पैसे येतील, ते नव्या गाडीत सुरुवातीला भरले असं धरू. व्याज ९ टक्के धरलं तर नव्या गाडीची एकूण किंमत साधारण ६३ हप्त्यांएवढी होते. पहिल्या वर्षात ती १५ टक्के जरी उतरली, तरी नऊ-साडेनऊ हप्ते गेले. पहिल्या वर्षाचं व्याज आणखी चारेक हप्ते. वाढलेला विमा मी धरलेलाच नाही. (भरलेला सगळाच हप्ता खर्चात धरू नका, त्यातली मुद्दल गाडीतच राहते. नव्या गाडीला नाक मुरडणारे नेमके इथे चुकतात.) म्हणजे एका बाजूला तेरा हप्ते, दुसऱ्या बाजूला तीन. जुन्या गाडीने वर्षभरात आणखी तेवढाच खर्च काढला, तरी ती निम्म्यात पडते.

तेव्हा माझं मत दुरुस्तीच्या बाजूने आहे. पण ते कोटेशन आहे तसं मान्य करू नका.

आधी आवाज खरंच बेअरिंगचा आहे ना, ते बघा. टायर उंच-सखल झिजले की अगदी असाच आवाज येतो. मागचे टायर पुढे घालून बघा. आवाजही पुढे सरकला तर दोष टायरचा. बेअरिंग असेल तर हलक्या वळणावर, भार एका बाजूला गेला की आवाज कमी-जास्त होतो. मग गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवायला सांगा, आणि हाताने फिरवताना खरखर लागते का तेही बघा. हे सगळं तुमच्यासमोर होऊ द्या. आवाज सगळ्या बॉडीतून घुमतो, त्यामुळे आत बसून कुठली बाजू ते नीट कळत नाही आणि सरसकट ‘दोन्ही’ लिहून मोकळं होणं सोपं जातं. ब्रेक पॅड जोडीने बदलावे लागतात, बेअरिंगचं तसं नाही. एकच खराब असेल तर एकच बदला. मजुरी बहुतेक प्रत्येक बाजूची वेगळीच असते, त्यामुळे दुसरी बाजू पुढे ढकलल्याने फारसं नुकसान नाही.

हबचं काय? तुमच्या गाडीत बेअरिंग आणि हब एकसंध, बोल्टवर बसणारे असतील तर प्रश्नच नाही, पूर्ण युनिटच बदलतात. प्रेसने (दाबयंत्राने) बसवायचं वेगळं बेअरिंग असेल तर जुना हब वाचू शकतो, मात्र बेअरिंगची आतली रिंग हबवर फिरून तिथली जागा झिजलेली नको. झिजलेल्या हबवर नवं बेअरिंग घालणं म्हणजे पैसे पाण्यात. अशा वेळी हबवर काटकसर करू नका. भंगारातून काढलेलं वापरलेलं बेअरिंग तर मुळीच नको, कारण त्यात मजुरी दोनदा भरावी लागते.

दुरुस्तीला हो म्हणण्याआधी, गाडी वर घेतलीच आहे तर चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) गंज, गिअरबॉक्स आणि इंजिनची गळती बघून घ्या. माझा कौल बदलेल तो याच तपासणीने. दुसरं एखादं मोठं काम निघालं तर गाडी आहे त्या स्थितीत, दोष सांगून विका. विकण्यासाठी म्हणून बेअरिंगवर केलेला खर्च किमतीत पूर्ण वसूल होत नाही.

पैसे कुठून? आपत्कालीन निधीतून काढा, क्रेडिट कार्डच्या हप्त्यांवर नको. मग दरमहा तुमच्या त्या विचारलेल्या हप्त्याचा पाव भाग वेगळ्या खात्यात टाकत राहा. तीन हप्त्यांची ही रक्कम वर्षभरात निधीत परत जाईल. त्यानंतरही ते चालू ठेवा. १४ वर्षांच्या गाडीची दुरुस्ती आता अचानक आलेली आपत्ती राहिलेली नाही, तो ठरलेला खर्च आहे.

चाकात खेळ (हलवल्यावर जाणवणारा सैलपणा) सापडला किंवा घुमण्याचं घासण्यात रूपांतर झालं, तर हे हिशेब बाजूला ठेवून गाडी उभी करा. सैल हब एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर खराब करू शकतो, डिस्क ब्रेक असेल तर पॅड मागे ढकलले जाऊन पेडल खोल जातं, आणि चाकच निखळण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

बिल घेताना वॉरंटी फक्त भागाची आहे की मजुरीचीही, हे लिहून घ्या. अ‍ॅक्सल नट (हब घट्ट धरणारा) नवा टाकून ठरलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोरालाच) आवळला का, तेही विचारा. तो चुकीचा आवळला तर नवं बेअरिंगही लवकर जातं, आणि तेव्हा गॅरेजशी वाद घालायला तुमच्याकडे कागद हवा.