नागपूरच्या इतवारी बाजारातल्या दुकानातली क्रेपची साडी आणि कॅफेतलं क्रेप: नाव एकच कसं?

हो, दोन्ही एकच शब्द आहेत: फ्रेंच 'क्रेप', आणि त्याचं मूळ लॅटिन 'क्रिस्पस', म्हणजे कुरळा, सुरकुतलेला. कापडाला ते नाव अगदी चपखल बसतं. क्रेपचं सूत कातताना त्याला नेहमीपेक्षा खूप जास्त पीळ देतात. विणलेलं कापड ओलं झालं की पीळ उलगडू पाहतो, सूत आखडतं आणि अंगभर बारीक चुण्या पडतात. इतवारीत साडी घेताना पदर बोटांत चोळून बघा, ती बारीक खरखर लगेच जाणवते. जॉर्जेटही क्रेपचाच प्रकार. दवाखान्यातलं क्रेप बँडेज आणि सजावटीचा क्रेप कागद हेही याच घराण्यातले. खाण्याचं क्रेप म्हणजे मैदा, दूध आणि अंड्याचं, आपल्याकडच्या 'आयते' या धिरड्याइतकं पातळ धिरडं. तव्यावर त्याच्या कडा वळतात, कुरकुरतात. इंग्रजीतला 'क्रिस्प'ही याच लॅटिन शब्दातून आला. मात्र खाण्याला कापडावरून नाव पडलं असं समजू नका. दोघांचं मूळ तेवढं सामाईक आहे. फ्रेंचमध्ये तर कापड पुल्लिंगी आणि धिरडं स्त्रीलिंगी.