तासावर मिळणारा मोबदला आणि उड्डाण प्रशिक्षकाची नोकरी

प्रश्न : व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आणि सहायक उड्डाण प्रशिक्षकाचे रेटिंग (विमान उडवायला शिकवण्याची अधिकृत पात्रता) मिळाल्यावर मला एका प्रशिक्षण संस्थेने नोकरी देऊ केली आहे. मासिक पगार नाही; उड्डाणाच्या तासांप्रमाणे मोबदला मिळेल आणि दोन वर्षांचा बॉण्ड लिहून द्यावा लागेल. परवान्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू आहेत. हा प्रस्ताव स्वीकारावा का?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'तास' म्हणजे नेमके काय, हे आधी लेखी मागून घ्यावे. विमान उड्डाणासाठी स्वतःच्या शक्तीने हलू लागल्यापासून उड्डाण संपवून थांबेपर्यंतचा काळ हा उड्डाणकाळ मानला जातो. नागपूरच्या सोनेगावसारख्या विमानतळावर प्रवासी विमानांना वाट देत इंजिन सुरू ठेवून थांबावे लागते. संस्था केवळ हवेतला वेळ मोजत असेल, तर हा सारा वेळ आपल्या पदरचा जाईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, विद्यार्थ्याला व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांपैकी किमान १०० तास त्याला स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवावे लागतात. तो एकटा उडत असताना प्रशिक्षक जमिनीवरून लक्ष ठेवतो, आणि उड्डाणाआधी व नंतर समजावून सांगण्यातही बराच वेळ जातो. या कामाचा मोबदला करारात आहे का, हे अवश्य पाहावे.

विदर्भात जून ते सप्टेंबर पावसाचे दिवस असतात, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होऊन छोट्या विमानाची चढण्याची ताकद घटते आणि सराव बहुतेक सकाळीच उरकावा लागतो. अशा महिन्यांतही बँकेचा हप्ता भरावाच लागतो. म्हणून हप्ता आणि घरखर्च निघेल एवढ्या किमान तासांची मासिक हमी मागावी. हा केवळ पैशाचा प्रश्न नाही : ढग दाटलेले असताना किंवा स्वतः थकलेले असताना उड्डाण रद्द केल्यामुळे प्रशिक्षकाचेच उत्पन्न बुडत असेल, तर नवशिक्या विद्यार्थ्याच्या सुरक्षेचा निर्णय त्याला स्वतःच्या खिशाकडे पाहून घ्यावा लागतो, आणि ही वेळ कोणावरही येऊ नये.

बॉण्डबाबत : करार मोडल्यास भरपाईची रक्कम करारात लिहिलेली असली, तरी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. रेटिंगचा खर्च आपण स्वतः केला असेल, तर संस्थेने आपल्यावर काय खर्च केला, हे तिला विचारावे. मूळ परवाना आणि लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) मात्र कोणाच्याही ताब्यात देऊ नये.

मार्च २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसीहून निघालेले प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यात कोसळून प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघांचाही मृत्यू झाला. अनेक वैयक्तिक अपघात विम्यांमध्ये तिकीट काढून केलेल्या प्रवासाखेरीज इतर हवाई जोखीम वगळलेली असते. त्यामुळे स्वतःच्या पॉलिसीतील अपवाद वाचावेत आणि संस्थेच्या विम्यात प्रशिक्षकाचा समावेश असल्याचा कागद नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी मागून घ्यावा.