पूर्वीचे लोक पिऊनच कामं करायचे, खरं काय?

प्रश्न: ताई, आमचे धाकटे दीर वडगावात पॉवरलूमवर आहेत. रात्रपाळीला जाताना क्वार्टर मारूनच जातात, कायतरी बोललं की म्हणतात, "वहिनी, पूर्वी विलायतेत लोक दिवसभर बिअर पिऊनच काम करायचे, इतिहासात आहे." हे खरं काय? मला उत्तरच सुचत नाही.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: भावोजींचं अर्धं खरं आहे. कारखाने यायच्या आधी युरोपात शेतमजूर, सुतार, छापखानेवाले बरेच जण कामावर बिअर घ्यायचे, सुगीला तर मालकच द्यायचा. पण त्यातली बरीचशी पातळ असायची, जवाची, अल्कोहोल थोडंच. आपल्या खानापूर बाजूला नाचण्याची आंबील शेताला नेतात बघा, तसं ते पोटाला आधार म्हणून होतं, क्वार्टरशी त्याची बरोबरी कशी लावायची? (पाणी घाण म्हणून सगळे बिअरच प्यायचे असंही सांगतात, ते वाढवून सांगितलेलं, लोक विहिरी-झऱ्याचं पाणी पीतच होते.)

आणि कडक पिणारेही होतेच. पुढं अमेरिकेचा मोठा पुढारी झालेला बेंजामिन फ्रँकलिन 1725 च्या सुमारास लंडनला छापखान्यात कामाला होता, एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. त्याचा जोडीदार न्याहारीआधी एक पाइंट, न्याहारीला एक, मग मधे एक, जेवताना एक, संध्याकाळी एक, काम सुटल्यावर एक, असे रोज सहा पाइंट घ्यायचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर. कशाला तर अंगात ताकद येते म्हणून! फ्रँकलिन नुसतं पाणी प्यायचा आणि जिन्यावरून छपाईच्या खिळ्यांच्या (धातूच्या अक्षरांच्या) जड चौकटी दोन हातांत दोन घेऊन चढायचा, बाकीचे दोन्ही हातांनी मिळून एकच उचलायचे. त्या जोडीदाराच्या पगारातले चार-पाच शिलिंग दर शनिवारी बिअरलाच जायचे, हे मला सगळ्यात जास्त लागतं. पुढं तिकडं 1883 साली दारूच्या दुकानात मजुरी वाटायला कायद्यानं बंदी घालावी लागली, कारण पगार हातात पडला की तिथंच संपायचा, घरी बायकापोरं वाट बघत.

तेव्हाचं कामही वेगळं होतं हो. विणकर घरीच हातमागावर, जेवढं कापड तेवढे पैसे, रविवारी प्यायले की सोमवारी माग बंद, त्याला 'सेंट मंडे' म्हणायचे, मग आठवड्याच्या शेवटी रात्र रात्र जागून माल पुरा करायचा. आपल्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत ते बसवण्णाचा मान म्हणून, तिथं माणसाची उतरली नाही म्हणून. पण हातमाग माणूस थांबला की थांबतो, पॉवरलूम थांबत नाही, धोटा (आडवा धागा नेणारा) मिनिटाला शंभरावर खेपा मारतो आणि तुटलेला धागा बघायला हात जवळच न्यावा लागतो. भावोजींना एवढंच विचारा, हातमागवाल्याचा दाखला पॉवरलूमला कसा लागू होतो?

एक मात्र सांभाळा. रोजची सवय असेल तर रागानं एकदम बंद करायला लावू नका, हात थरथरतात, काहींना फिट येते, आधी डॉक्टरांना दाखवा, आणि तुमचे यजमान बरोबर गेले तर फार बरं, भावाचं ते ऐकतील.